केनेवेची आई

लग्नाच्या दिवशी सासूने माझ्या खांद्यावर
लोकरीचं ब्लँकेट टाकलं, पुढे भली मोठी पिन लावली
आणि नाव दिलं : मा-केनेवे.
केनेवेची आई.
लेसोथोच्या डोंगरात रीतच आहे तशी,
आधी हाक येते, मूल मागून.

केनेवे म्हणजे 'मला दिली गेली.'
सात वर्षं झाली.

दिलं गेलं ते वेगळंच.
कुणी कुणाला दिलं, ते मी आणि मोलेफी उकरत बसत नाही.
तपासणीला एकाच बाकावर बसलो होतो,
त्याच्या पट्टीवर दोन रेघा,
माझ्याही पट्टीवर दोन.
तो म्हणाला, चल, अंधार पडायच्या आत घाट उतरू.
आणि उतरलो.

रात्री आठला गोळी.
बाटली वाजू नये म्हणून आत कापसाचा बोळा.
आठ वाजले की सासू खोकते
आणि भिंतीकडे तोंड करून निजते.
तिला ठाऊक आहे.
तिला ठाऊक आहे हे मलाही ठाऊक आहे.
एवढ्या लहान घरात एवढी माया
याहून उघडी ठेवता येत नाही.

दवाखान्यात दर तीन महिन्यांनी सुई.
मूल होऊ नये म्हणून.
मला विचारलं नव्हतं, सांगितलं होतं.
'तुमच्यासारख्यांना आता कशाला हवं?'
ती जुनी नर्स कार्डावर शिक्का मारत म्हणाली होती.
'तुमच्यासारख्या' हा शब्द
बुटातल्या खड्यासारखा घेऊन मी घरी आले,
चार वर्षं त्याच्यावरच चालले.

आज जुलै. खिंडीत गुडघाभर बर्फ.
शेजाऱ्याचं तट्टू मागून घेतलं.
नवी नर्स, लिएपोलो,
पायात लाल मोजे, वय माझ्या धाकट्या बहिणीएवढं.
सुई भरायच्या आधी तिने कार्ड उलटंपालटं केलं.
'आतून कधी कुणी तपासलं का?'
नाही.
चार वर्षं टोचत होते,
डोकावलं कुणीच नव्हतं.

तिने ते लोखंडी साधन आधी कोमट पाण्यात धरलं.
हे मी लिहून ठेवणार आहे कुठेतरी.
मग कापसावर व्हिनेगर. 'एक मिनिट थांबायचं,
काही बिघडलं असेल तर पांढरं दिसेल.'
खोलीभर बीटच्या कोशिंबिरीचा वास,
आमच्याकडे लग्नात असते ती.
पाय वर, छताकडे डोळे, आणि मला हसू फुटलं.

मिनिट संपलं.
'मक्याच्या दाण्याएवढं आहे पांढरं. कर्करोग नाही,
पण राहू दिलं तर होऊ शकतो. आजच जाळून टाकते.'
पोटात कळ आली, पाळीत येते तशी. मग गेली.
'सहा आठवडे नवऱ्यापासून लांब राहा.'
नवरा सीमेपलीकडे, वेल्कोमच्या खाणीत,
तेही जमिनीखाली.
आता दोघीही हसलो.

त्या हसण्याच्या आडोशाने मी म्हटलं,
सुई नको.

तिने सुई खाली ठेवली.
कार्डावरचं नाव सावकाश वाचलं, मोठ्याने.
'म्हणजे केनेवे यायची आहे अजून?'
यायची आहे.
ती म्हणाली नाही की येईलच.
म्हणाली, मागच्या दोन्ही मोजण्यांत विषाणू सापडलेला नाही,
आज पुन्हा रक्त घेते,
गोळी चुकवायची नाही, बाळाला पाजतानाही नाही.
सुईचा असर उतरायला वेळ लागतो, कधी वर्षसुद्धा.
'नवरा घरी कधी येतो?'
डिसेंबरात.
आम्ही बोटांवर महिने मोजले,
तिची बोटं कमी पडली तेव्हा माझी घेतली.

घरी पोचले तेव्हा दिवा लागला होता.
एवढा उशीर? सासूने चुलीकडूनच विचारलं.
म्हटलं, आज सुई घेतली नाही.

ती काही बोलली नाही.
पळी भांड्याच्या काठावर दोनदा आपटली,
माझ्या ताटात मक्याच्या पिठाचा गोळा ठेवला,
मग हात आखडला,
मग आणखी एक ठेवला.